बंद घड्याळातली बरोबर वेळ

विद्यार्थी : मॅडम, भूगर्भशास्त्र खडकांचा अभ्यास करते, इतिहास भूतकाळाचा. तत्त्वज्ञान नेमका कशाचा अभ्यास करते?

प्राध्यापिका : त्याच्या वाट्याला अशी राखीव वस्तू आलेली नाही. बाकीची शास्त्रे जे गृहीत धरून कामाला लागतात, ते गृहीतच तत्त्वज्ञान तपासायला घेते. डॉक्टर म्हणतात, या औषधामुळे ताप उतरला. यातल्या ‘मुळे’चा अर्थ काय, हे विचारत बसले तर दवाखाना चालायचा नाही. न्यायाधीश ठरवतात की आरोपीने हे जाणूनबुजून केले. माणूस काही करायला खरोखर मोकळा असतो का, हा प्रश्न निकालपत्रात येत नाही. ‘मुळे’ आणि ‘जाणूनबुजून’ या शब्दांपाशी जो थांबतो, तो तत्त्वज्ञान करू लागतो.

विद्यार्थी : पण घरी कोणी लांबण लावली की आपण म्हणतो, ‘तत्त्वज्ञान सांगू नकोस.’

प्राध्यापिका : तिथे कंटाळा आलेला असतो उपदेशाचा. उपदेश निष्कर्ष हातात देतो. तत्त्वज्ञान त्या निष्कर्षाची कारणे मागते. कौटिल्याने अर्थशास्त्रात चार विद्या सांगितल्या, त्यांतली पहिली आन्वीक्षिकी, म्हणजे युक्तिवादाने तपासून पाहण्याची विद्या. तिच्यात सांख्य आणि योग यांच्याबरोबर त्याने लोकायतही घातले. वेद न मानणाऱ्यांचे मत ज्या यादीत बसते, ती यादी धर्मोपदेशाची नसणार.

विद्यार्थी : आणि शाखा? पुस्तकात पाच दिल्या आहेत : ज्ञानमीमांसा, तर्कशास्त्र, सत्ताशास्त्र, नीतिशास्त्र, सौंदर्यशास्त्र.

प्राध्यापिका : नावे बरोबर आहेत, पण हे पाच कप्पे नव्हेत. एक प्रश्न धरून चालू, म्हणजे दिसेल. भिंतीवरच्या घड्याळात तू पाहिलेस, सव्वाचार वाजले होते. घड्याळ मात्र आदल्या दिवशी सव्वाचारलाच बंद पडले होते, आणि तू पाहिलेस तेव्हाही नेमके सव्वाचारच वाजले होते. किती वाजले हे तुला माहीत होते का?

विद्यार्थी : उत्तर तर बरोबर आले.

प्राध्यापिका : बरोबर आले, त्यावर तुझा विश्वासही होता, आणि विश्वास ठेवायला कारणही होते. घड्याळ पाहून वेळ सांगणे यात गैर काही नाही. तरी ‘त्याला माहीत होते’ म्हणताना जीभ अडखळते. हे उदाहरण बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ च्या एका ग्रंथात दिले. ज्ञान म्हणजे सकारण सत्य विश्वास, ही व्याख्या प्लेटोच्या संवादांपासून चर्चेत होती. एडमंड गेटिए यांनी १९६३ मध्ये जेमतेम तीन पानांच्या लेखात दाखवले की तिन्ही अटी पुऱ्या होऊनही ज्ञान झालेले नसू शकते. त्या तीन पानांवर पुढे किती लिहिले गेले, याला गणती नाही.

विद्यार्थी : आपल्याकडे हा विचार झाला नव्हता?

प्राध्यापिका : झाला होता, आणि फार आधी. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध पंडिताचे उदाहरण पाहा. मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवला आहे, धूर अजून निघालेला नाही, पण मांसावर माशा घोंघावताहेत. लांबून पाहणाऱ्याला तो काळा थवा धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे विस्तव आहे. विस्तव आहेच! बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात आणखी साधा पेच टाकला. मुठीत कवड्या किती, असे एकाने विचारले, दुसऱ्याने ‘पाच’ म्हणून ठोकून दिले, आणि निघाल्या पाचच. याला जाणणे म्हणायचे का?

विद्यार्थी : म्हणजे गेटिएंचा शोध जुनाच?

प्राध्यापिका : तसे म्हणायची घाई नको. प्रश्न शेजारचे आहेत, पण ते उभे राहिले वेगळ्या जमिनीवर. भारतीय चर्चेचा भर विश्वासाच्या व्याख्येपेक्षा ज्ञान कोणत्या वाटेने आले यावर आहे. त्या वाटेला म्हणतात प्रमाण. चार्वाक, म्हणजे मघाचा लोकायतवादी, एकच प्रमाण मानतो, प्रत्यक्ष. बौद्ध अनुमानाची भर घालतात, सांख्य शब्दाची, म्हणजे विश्वासार्ह माणसाच्या वा ग्रंथाच्या सांगण्याची. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, उपमान, म्हणजे सारखेपणावरून ओळखणे, धरून चार मानतात. कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि अद्वैती सहापर्यंत जातात. त्यांतली अर्थापत्ती मोठी गमतीची आहे. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही. तर तो रात्री जेवत असला पाहिजे.

विद्यार्थी : हे तर अनुमानच झाले.

प्राध्यापिका : नैयायिकांचे म्हणणे अगदी हेच. मीमांसक ते मान्य करीत नाहीत, आणि त्यांचा वाद शतकानुशतके चालला. तू आत्ता एका बाजूने बोललास, आणि ज्ञानमीमांसेतून तर्कशास्त्राच्या हद्दीत आलास. एका विधानातून दुसरे केव्हा निघते, हा तर्कशास्त्राचा प्रश्न. न्यायदर्शनात दुसऱ्याला पटवून देण्याच्या अनुमानाला पाच अवयव असतात. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. तसाच धूर या डोंगरावर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे निगमन. ॲरिस्टॉटलची मांडणी तीन विधानांत संपते. तिथे पाहायचे असते ते आकाराकडे : विधाने खोटी असली तरी युक्तिवादाचा आकार वैध असू शकतो. नैयायिकाला तेवढ्याने समाधान नाही. त्याला खरे ज्ञान हवे, म्हणून चुलीचे उदाहरण हवे.

विद्यार्थी : पण सगळ्या चुली कोणी पाहिल्यात? पुढच्या चुलीतून विस्तवाशिवाय धूर निघाला तर?

प्राध्यापिका : चार्वाकाने नेमके इथेच बोट ठेवले. धूर आणि अग्नी यांच्या अतूट संबंधाला व्याप्ती म्हणतात. ती प्रत्यक्षाने कळणार नाही, कारण झालेले आणि होणारे सगळे धूर कोणाच्या डोळ्यांपुढे नसतात. अनुमानाने कळते म्हणावे, तर त्या अनुमानाला आणखी एक व्याप्ती लागते. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने याच जातीची शंका काढली : आजवर घडले तसे उद्या घडेल, हे कशाच्या बळावर म्हणायचे? ह्यूमचे उत्तर होते, सवयीच्या. न्यायाच्या बाजूने चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त व्याप्तीच्या लक्षणांचा असा कीस काढला की त्यातून नव्यन्यायाची एक स्वतंत्र भाषाच तयार झाली. ती भाषा वाचताना दमछाक होते, हे मान्य.

विद्यार्थी : सत्ताशास्त्र म्हणजे राजकारणातली सत्ता नव्हे ना?

प्राध्यापिका : नव्हे. सत्ता म्हणजे असणे. कोणी याला तत्त्वमीमांसाही म्हणतात. काय खरोखर आहे, आणि ‘आहे’ म्हणजे काय, हे तिथले प्रश्न. काळ, कारण, आत्मा, ईश्वर, सगळे यात येते, पण सुरुवात एखाद्या गाडीपासूनही करता येते. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला भेटतो. नागसेन विचारतो, तू रथातून आलास, तर रथ कोणता? चाक म्हणजे रथ का? आस? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. भागांचा नुसता ढीगही रथ नव्हे, आणि भाग काढून टाकल्यावर वेगळा रथ उरत नाही. तेव्हा ‘रथ’ हे व्यवहारातले नाव; ‘नागसेन’ हेही तसेच.

विद्यार्थी : म्हणजे माणूसही नाही?

प्राध्यापिका : शरीर, वेदना, संस्कार यांच्या प्रवाहामागे दडलेला कोणी मालक नाही, एवढेच तो म्हणतो. नैयायिकांना हे बिलकूल मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, अवयवांहून वेगळी असते. एक टोक धरून ओढले की अख्खा घडा येतो, सुटे परमाणू येत नाहीत. मला स्वतःला हा युक्तिवाद दिसतो त्यापेक्षा मजबूत वाटतो. यावरून पुढचा प्रश्न उठतो : माणूस नुसता प्रवाह असेल, तर कालच्या गुन्ह्याची शिक्षा आजच्या माणसाला का?

विद्यार्थी : हा तर नीतीचा प्रश्न झाला.

प्राध्यापिका : आणि तो ‘काय आहे’ या प्रश्नातून आला. नीतिशास्त्रातला जुना पेच महाभारताच्या कर्णपर्वात आहे. कौशिक नावाच्या ब्राह्मणाचे व्रत सत्य बोलण्याचे. लुटारूंना चुकवून माणसे रानात लपली; लुटारूंनी विचारले, कौशिकाने खरे सांगितले, माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. हे कृष्ण अर्जुनाला सांगतो, तेही अर्जुन एका प्रतिज्ञेपायी युधिष्ठिरावर तलवार उगारून उभा असताना. याच्या नेमके उलटे मत इमॅन्युएल कांट यांनी १७९७ च्या निबंधात मांडले : मारेकऱ्याने विचारले तरी खोटे बोलण्याचा अधिकार कोणालाही नाही. परिणामांवरून कृत्य तोलणारा जॉन स्टुअर्ट मिल या बाबतीत कृष्णाच्या जवळ येतो, पण कारणे वेगळी. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये छापून आले. त्यात हिंदू नीतिविचाराशेजारी कांट, मिल आणि इंग्रज तत्त्वज्ञ ग्रीन यांची मते तपासली आहेत. मराठीत नीतिशास्त्राची अशी तुलनात्मक मांडणी इतक्या विस्ताराने त्याआधी झाली नव्हती, असे म्हणायला हरकत नाही. राज्य, न्याय, हक्क यांचे तत्त्वज्ञान नीतिशास्त्राच्याच अंगणात येते.

विद्यार्थी : राहिले सौंदर्यशास्त्र. आवडनिवड ज्याची त्याची. त्यात शास्त्र कसले?

प्राध्यापिका : कांट यांना हाच प्रश्न पडला होता. सुंदर म्हणताना माणूस स्वतःच्या अनुभवाबद्दल बोलतो, तरी इतरांनीही मान डोलवावी असा आग्रह धरतो. चहा गोड आवडतो म्हणताना तो आग्रह नसतो. मराठीत हा विषय जोमाने चर्चिला गेला. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये कलाकृतीचे सौंदर्य लयीच्या तीन तत्त्वांवर उभे केले : संवाद, विरोध आणि समतोल. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’त त्या भूमिकेची कसून तपासणी आहे.

विद्यार्थी : पण लय असते कुठे? कागदावर, की वाचणाऱ्याच्या मनात?

प्राध्यापिका : आणि यमन कुठे असतो? काल मैफलीत गायलेला यमन संपला, आज दुसरा कोणी गाईल, तरी राग एकच. कोणी गात नसताना तो आहे की नाही, हे विचारलेस की सौंदर्यशास्त्राचे पुस्तक मिटून पुन्हा सत्ताशास्त्राचे उघडावे लागते.