मीटरला चाकरमानी कळत नाही

रत्नागिरीच्या कुठल्याही वाडीत दोन-चार घरं तरी अशी असतात, जी गणपतीत उघडतात, शिमग्याला उघडतात, मे महिन्यात भरतात आणि एरवी कुलपात असतात. जुन्या मीटरला यातलं फारसं काही कळत नसे. महिन्यातून एकदा रीडिंगवाला यायचा, आकड्यांचा फोटो काढायचा, की पुढच्या महिन्यापर्यंत घराचा आणि कंपनीचा संबंध संपला. स्मार्ट मीटर वापराची नोंद पंधरा मिनिटांच्या किंवा अर्ध्या तासाच्या टप्प्याने ठेवतो. अर्धा तास धरला तरी दिवसाला 48 आणि तीस दिवसांत 1,440 नोंदी झाल्या. त्यातून लाईट बिल निघतंच. शिवाय पंप किती वाजता लागला, रात्री दोनला कोण जागं होतं, कुलूप कधीपासून आहे, हेही निघतं. आपल्याकडे वाद पेटला तो 'मीटर पळतो का' यावर. सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं देवेंद्र फडणवीस यांनी जून 2024 मध्ये जाहीर केलं आणि वाद काही काळ निवळला. पुढे स्मार्ट मीटर पोस्टपेड होऊन 'टीओडी' (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दर) या नावाने आले. पळणारा मीटर तपासून घेता येतो. पण बिलाला लागते त्याहून जास्त नोंद कोण वाचणार आणि कोणाच्या हुकमाने, हे त्या वादात कोणी फारसं विचारलं नाही. मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

घराबाहेरच्या एकाच मीटरवरून आतली उपकरणं ओळखायची रीत अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी 1980च्या दशकात बसवली, आणि हिचा उपयोग पाळतीसाठी होऊ शकतो हा इशाराही त्यांनीच 1989 मध्ये लेख लिहून दिला. नोंद खोटी नसली तरी तिचा अर्थ लावणारा चुकू शकतो. अमेरिकेतल्याच बेंटनव्हिल गावात 2015 मध्ये एका मृत्यूच्या तपासात पोलिसांनी पाण्याच्या स्मार्ट मीटरची नोंद पुढे केली: मध्यरात्रीनंतर एक ते तीनच्या दरम्यान 140 गॅलन, म्हणजे सुमारे 530 लिटर पाणी वापरलं गेलं, तेव्हा पुरावा धुतला असणार. घरमालकावर खुनाचा आरोप ठेवला गेला. 2017च्या अखेरीस सरकारी पक्षानेच तो मागे घेतला.

असा तर्क आपल्याकडे कुठे घसरू शकतो, हे पाहायला खून लागत नाही. दहा महिने पंख्यापुरती वीज घेणारं घर मे महिन्यात एकदम चौपट युनिट ओढू लागतं. मुंबईहून तीन बिऱ्हाडं आली आहेत, दोन फ्रिज चालू आहेत, मागीलदारी मिक्सरवर आमरस निघतो आहे. आलेखात हे सगळं एका उंचवट्यासारखं दिसतं, आणि पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घराचा उंचवटाही तसाच असतो. चाकरमानी आणि गिऱ्हाईक यांतला फरक मीटरला कळत नाही. घरगुती जोडणीवर धंदा चालतो असं समजून वीज कायदा 2003च्या कलम 126 खाली 'अनधिकृत वापर' ठरला, तर आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर कधीपासून चालला हे ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरले जातात. अपिलात जायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून पहिली तात्पुरती आकारणी हातात पडते, तेव्हाच लेखी हरकत द्यायची. ती देण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. तोंडी समजावून 'साहेब बघतो म्हणाले' यावर विसंबलेला माणूस पुढे कागदावर कुठेच सापडत नाही.

अशा नोंदी मागवण्याचं पोलिसांचं कलम याहून सैल आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 प्रमाणे ठाण्याचा प्रभारी अधिकारी तपासासाठी स्वतःच्या लेखी आदेशाने कागदपत्रं मागवू शकतो. टपाल खात्याच्या ताब्यातलं पत्र मात्र कलम 95 प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय हाती येत नाही. पोस्टातलं पत्र ब्रिटिशांच्या काळापासून जपलं गेलं. माजघरातल्या दिव्याची वेळ जपावी, हे कोणाला सुचलं नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितलं, तरीही.

यावर पहिला आक्षेप चोरीचा. आकडे टाकणाऱ्यांचा भुर्दंड प्रामाणिक ग्राहकाने का सोसायचा? प्रश्न रास्त आहे. पण केंद्राच्या ज्या योजनेत देशभर 25 कोटी ग्राहकांना स्मार्ट मीटर लावायचे ठरले, तिच्यातच सुमारे 52 लाख ट्रान्सफॉर्मरवरही मीटर आहेत. ट्रान्सफॉर्मरमधून गेलेली वीज आणि त्याखालच्या घरांची रोजची बेरीज ताडून पाहिली की गळती कुठे आहे ते कळतं. त्यासाठी अमुक घरात पहाटे चारला गीझर लागला, हे माहीत असायची गरज नाही. दुसरा आक्षेप सवलतीचा: जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापराला टीओडी मीटरवर सूट मिळते, ती वेळेची नोंद नसेल तर द्यायची कशी? त्या वेळेतली बेरीज वेगळी ठेवली की झालं. 1,440 नोंदी नावानिशी साठवाव्या लागत नाहीत. 'लपवण्यासारखं काही नाही, मग भीती कसली' असं म्हणणाऱ्यांनी आपलं बंद घर आठवावं. ते बंद आहे हे चोराला कळू नये, म्हणून आपण शेजाऱ्याला पडवीतला दिवा लावायला सांगतो. नेदरलँड्समध्ये 2009 साली सक्तीच्या स्मार्ट मीटरचं विधेयक वरिष्ठ सभागृहात खासगीपणाच्याच कारणाने अडलं. अमेरिकेत नेपरव्हिल शहराच्या खटल्यात 2018 मध्ये अपील न्यायालयाने पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद घेणं ही घराची झडतीच मानली. ती वाजवी ठरली, पण पोलिसांच्या हाती सहज जात असती तर निकाल वेगळा लागू शकला असता, असंही न्यायालयाने बजावलं.

इथे आपल्या हातात आहे ते कागदापुरतं, पण ते सोडू नये. मीटर बदलताना जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग दिसेल असा फोटो काढावा. माझ्या घराच्या नोंदी किती टप्प्याने घेता, किती काळ ठेवता, बाहेर कोणाला देता, हे लेखी विचारावं आणि अर्जाची पोच घ्यावी. तपासणीला आलेल्या माणसाने आत येण्याआधी सांगायला हवं, आणि ओळखपत्र मागण्यात उद्धटपणा नाही. चोरीच्या संशयाने भरारी पथक आलं, तर कलम 135 प्रमाणे राहत्या घरात सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत झडती घेता येत नाही. घरातला प्रौढ पुरुष हजर असेल तरच अपवाद. शब्द जुनाट आहेत. पण पुरुष मुंबईला आणि घरात एकटी सासू-सून, अशा घरांना त्यांचा उपयोग होतो. जप्त केलेल्या वस्तूंची यादी करून त्यावर घरच्यांची सही घेणंही बंधनकारक आहे. यादी वाचल्याशिवाय सही करू नये.

कोकणातली एक गोष्ट मात्र हे सगळं पांगळं करते. पुष्कळ मीटर अजून आजोबांच्या नावावर आहेत, आणि नोंदवलेला मोबाइल नंबर विरारच्या काकांचा. संदेश त्यांना जातात. गावची आजी रात्री दिवा किती वाजता मालवते, हे पाहायची सोयही त्यांच्याच फोनवर, आणि आजीला ते ठाऊक नसतं. उद्या तिला नोंदी मागायच्या असतील, तर कंपनीच्या दप्तरी ती कोणीच नाही. गणपतीला सगळे भाऊ एकत्र येतात, तेव्हा नावबदलाच्या अर्जावर सह्या करून घ्याव्यात.