दारातल्या माणसाला होकार देऊ नका

माझी आई नाशिकला एकटी राहते. दारात आलेल्या कोणालाही ती उभ्या उभ्या परत पाठवत नाही. आधी पाणी विचारते, मग काम. तिच्या या स्वभावाचा फायदा घेऊन वॉटर प्युरिफायरच्या देखभालीच्या नावाखाली तिला लुबाडणाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. "चार-पाच हजारांसाठी किती डोकं लावतेस, सोडून दे," असं घरातलेच म्हणाले. मी सोडलं नाही. सोडायला नकोच होतं, हे पुढचं वाचून तुम्हालाही पटेल.

सुरुवात फोनने झाली. "मावशी, तुमच्या मशीनची एएमसी संपली आहे. आज रिन्यू केली नाही तर वॉरंटी बाद होईल, मग दुप्पट चार्ज लागेल." एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार. आईचं मशीन साधं यूव्हीचं, जुनं. त्याची वॉरंटी संपून कितीतरी वर्षं झाली होती. जी वॉरंटी शिल्लकच नाही, ती बाद कशी होणार? पण बोलणाऱ्याला मशीनचं मॉडेल माहीत होतं, आईचा पत्ता माहीत होता, आडनावही माहीत होतं. त्यामुळे फोन कंपनीतूनच आहे असं तिला वाटलं, आणि कोणालाही वाटलं असतं. ही माहिती तुमच्याकडे कुठून आली, असं मी नंतर त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी माणूस आला, फिल्टर बदलल्यासारखं काहीतरी केलं, 4,800 रुपये रोख घेतले आणि बिलबुकातली एक पावती फाडून दिली. पावतीवर कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव. जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही, कुठला भाग बदलला त्याची नोंद नाही. ही पावती मला पुढे कपाटाच्या खणात सापडली.

तोच माणूस पुन्हा आला तेव्हा मी आईकडे होते. आतल्या खोलीत पेपर तपासत होते. आई एकटीच आहे अशा समजुतीने त्याने बैठकीत आपला संसार मांडला. "मावशी, हे बघा तुम्ही काय पिताय," हे शब्द कानावर आले म्हणून मी बाहेर आले.

टेबलावर दोन ग्लास होते. एकात आईच्या मशीनचं पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं "शुद्ध" पाणी. दोन्हींत धातूच्या सळया सोडलेलं एक यंत्र आणि त्याची वायर आमच्याच भिंतीतल्या प्लगमध्ये. आईच्या ग्लासातलं पाणी तांबूस-काळपट झालं होतं, वर हिरवट साका तरंगत होता. त्याचं पाणी मात्र नितळ. "किडनीचे पेशंट का वाढलेत, ते आता कळलं ना?" तो म्हणाला.

माझे वडील किडनीच्या आजारानेच गेले. आईने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे एवढी वर्षं मी ह्यांना हेच पाजत होते का गं?"

मी रसायनशास्त्र शिकवते. त्या ग्लासात काय चाललं होतं हे मला पहिल्याच नजरेत कळलं. त्या यंत्रात लोखंडाच्या सळया असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. ज्या पाण्यात क्षार जवळपास नाहीत, त्यातून वीज वाहत नाही, म्हणून ते नितळ राहतं. तो साका पाण्यातला नव्हताच, त्याच्या सळईतला होता. विहिरीचं, धरणाचं, झऱ्याचं, कुठलंही चांगलं पिण्याचं पाणी या यंत्रात घातलं तरी ते असंच काळं पडणार, कारण क्षार पिण्याच्या पाण्यात असतातच आणि असायलाही हवेत.

मी स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या "शुद्ध" पाण्यात टाकलं आणि म्हटलं, आता यंत्र चालू करा. त्याने प्लगच काढला. "मॅडम, असं करायचं नसतं, मशीन खराब होतं." रोज भाजीत घालतो ते मीठ आहे, मी म्हटलं. तर मलाच म्हणतो, "तुम्ही मावशींना उगाच घाबरवताय." एका बाईला नवऱ्याच्या मरणाचा दोष स्वतःवर घ्यायला लावणारा माणूस हे मला ऐकवत होता. त्या वाक्याची चीड मला आजही येते.

तो नवीन आरओ मशीन आणि तीन वर्षांची देखभाल योजना विकायला आला होता. आईच्या नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं. त्याला आरओची गरज नाही. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की, ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमहून कमी आहेत, तिथे आरओ वापरू देऊ नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही टीडीएसची, म्हणजे याच विरघळलेल्या क्षारांची, स्वीकार्य मर्यादा 500 च आहे. हे मी त्याला सांगितलं. "ते सरकारी असतं मॅडम," असं म्हणून तो बॅग भरू लागला.

मग मी मशीनवर छापलेल्या मूळ कंपनीच्या क्रमांकावर फोन केला. आईच्या नावे कुठलाही करार त्यांच्याकडे नव्हता. पावतीवरच्या क्रमांकावर फोन केला, तर 'मॅनेजर' म्हणवणाऱ्याने ऐकवलं, "तुमच्या आईंनी स्वतः सही केलीय." दोन दिवसांनी आईला परत फोन: "तुमच्या मुलीने आमच्या माणसाचा अपमान केला." आई रात्रभर झोपली नाही. पैसे परत मिळाले, पण अर्धेच, आणि तेही मी लेखी तक्रार केल्यावर. माझ्या मते उरलेले त्यांनी चोरलेच आहेत.

आता ज्यांच्या आई-वडिलांकडे असे फोन येतात, त्यांच्यासाठी.

वॉरंटी कधी संपते हे खरेदीच्या बिलावर आणि वॉरंटी कार्डावर असतं, फोनवरच्या माणसाच्या तोंडी नसतं. सर्व्हिसला बोलवायचं तर क्रमांक मशीनच्या स्टिकरवरून किंवा खरेदीबरोबर आलेल्या पुस्तिकेतून घ्या. इंटरनेटवर शोधून वर दिसेल तो क्रमांक लावू नका. खोटी 'कस्टमर केअर' तिथेच बसलेली असतात. आलेल्या फोनवर करार करूच नका.

फिल्टर बदलला की बदललेल्या भागावर मार्करने तारीख टाकून घ्या आणि जुना भाग घरीच ठेवून घ्या. हे ऐकताच फसवणाऱ्यांचा चेहरा उतरतो, कारण न बदललेल्या भागाचे पैसे घेण्याचा धंदा इथेच बंद पडतो. नवा भाग तुमच्यासमोर पाकिटातून काढायला लावा.

एएमसी घ्यायचीच असेल तर एकच प्रश्न लेखी विचारा: यात कुठले सुटे भाग धरलेत? पुष्कळ करारांत फक्त भेटी आणि मजुरी असते. आरओ असेल तर सगळ्यात महागडी मेंब्रेन, यूव्ही असेल तर दिवा, हे वगळलेलं असतं. किमतीवर 18 टक्के जीएसटी वेगळा आहे की धरलेला, तेही विचारा. वर्षाला एकदा फिल्टर बदलण्याचा खर्च आणि कराराची रक्कम शेजारी शेजारी मांडून पाहा. अनेकदा करार महाग पडतो.

टीडीएस मीटर काही शेकड्यांत मिळतो. तो घरी ठेवा. पण टीडीएस कमी म्हणजे पाणी निर्जंतुक, असं नाही. मीटरला जंतू दिसत नाहीत. कोणी फक्त मीटरचा आकडा दाखवून घाबरवत असेल किंवा शाबासकी देत असेल, तर दोन्हीही खोटं समजा.

दुकानातली 'एक्स्टेंडेड वॉरंटी' हीही याच जातीची. टीव्ही किंवा फ्रिजच्या बिलात ती न विचारता घातलेली असते आणि हटकलं की "सगळेच घेतात" हे उत्तर असतं. बिल भरण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. ही वाढीव वॉरंटी कंपनीची वॉरंटी संपल्यावर सुरू होते, आणि ती देणारा अनेकदा कंपनी नसून तिसराच कोणी असतो. व्होल्टेजने झालेलं नुकसान, उंदरांनी कुरतडलेली वायर, पडून झालेली मोडतोड, प्लास्टिकचे भाग हे सहसा त्यात बसत नाहीत. ऑनलाइन खरेदीत आधीच टिक केलेल्या चौकटीवरून तुमची संमती धरणं 2020 च्या ई-कॉमर्स नियमांना धरून नाही.

फोन थांबवायला 1909 वर 'डू नॉट डिस्टर्ब'ची नोंद करा. जाहिरातीचे फोन 140 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यायला हवेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून विक्री करणाऱ्याची तक्रार 1909 वर सात दिवसांच्या आत करता येते.

बिल मागा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तिथे मराठीतही बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नका. या लोकांचा सगळा धंदा तुमच्या गप्प बसण्यावरच चालतो. आजच आई-वडिलांच्या फोनमध्ये 1915 साठवून द्या, आणि दारात किंवा फोनवर कोणी काहीही विकायला आलं तर त्यांना एवढंच म्हणायला सांगा: "मुलांना विचारून कळवते." खऱ्या माणसाला या उत्तराची अडचण कधीच होत नाही.