केळीचे बी आणि पेशींचे विभाजन

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतून प्रवास करणाऱ्यास रस्त्याच्या दुतर्फा केळीच्या बागा दिसतात. एका बागेतील सर्व झाडे उंचीने, पानांच्या ठेवणीने आणि घडाच्या आकाराने जवळजवळ सारखीच असतात. हापूस आंब्याच्या बाबतीत असे होत नाही. हापूसची कोय पेरली तर येणारे झाड हापूसच निघेल याची शाश्वती नसते, म्हणूनच कोकणातील बागाईतदार कलमे बांधतात. केळीचा मुनवा लावला की मात्र मूळ झाडाची हुबेहूब प्रत मिळते. हा फरक केवळ लागवडीच्या पद्धतीचा आहे असे वरवर वाटते. परंतु त्याचे मूळ सजीवांच्या शरीरातील पेशी कशा विभागतात या प्रश्नात आहे. केळी उत्पादकांपुढे आज उभी असलेली एक मोठी चिंताही याच प्रश्नाशी निगडित असल्याने त्याचा थोड्या विस्ताराने विचार करणे योग्य होईल.

पेशीपासून पेशी

इंग्लंडमधील रॉबर्ट हुक याने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात लहान लहान कप्पे पाहिले व त्यांना पेशी हे नाव मिळाले. मात्र नवीन पेशी कोठून येतात, याचे उत्तर मिळण्यास पुढे जवळजवळ दोनशे वर्षे लागली. प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते, हे तत्त्व जर्मन वैद्यक रुडॉल्फ व्हिर्खो याने १८५५ साली ठामपणे मांडले. पुढे वॉल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलॅमँडर या बेडकाच्या दूरच्या नातलगाच्या डिंभांतील पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि विभाजनाचा क्रम १८८२ च्या आपल्या ग्रंथात सचित्र वर्णिला. विभाजनाच्या वेळी केंद्रकात धाग्यांसारखे आकार दिसतात, म्हणून त्याने ग्रीक भाषेतील धागा या अर्थाच्या शब्दावरून या क्रियेस नाव दिले. आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘सूत्री विभाजन’ ही संज्ञा त्या अर्थाला अगदी जुळणारी आहे. परिभाषेतील सर्वच शब्दांविषयी असे म्हणता येत नाही.

हे धागे म्हणजे गुणसूत्रे होत. सजीवाची घडण कशी व्हावी यासंबंधीच्या सूचना गुणसूत्रांतील डी.एन.ए. या द्रव्यात साठविलेल्या असतात. कांद्याच्या पेशीत १६ आणि माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. पेशी विभागण्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची दुसरी प्रत तयार होते व दोन्ही प्रती एका ठिकाणी जोडलेल्या राहतात. पूर्वावस्थेत ही जोडसूत्रे आखूड व जाड होतात. मध्यावस्थेत ती पेशीच्या मध्यभागी रांगेत येतात. पश्चावस्थेत प्रती एकमेकींपासून सुटून विरुद्ध टोकांकडे ओढल्या जातात, आणि अंत्यावस्थेत दोन्ही टोकांना स्वतंत्र केंद्रके तयार होतात. प्राण्यांच्या पेशीला मग मधोमध खाच पडून ती दुभंगते. वनस्पतींच्या पेशीला कठीण भित्तिका असल्यामुळे तसे होऊ शकत नाही. तेथे मध्यभागी नवा पडदा उभारला जाऊन एका खोलीच्या दोन खोल्या होतात. दोन्ही पेशींना गुणसूत्रांचा संपूर्ण आणि सारखाच संच मिळतो. जखम भरून येणे, मूल वाढणे, ऊस उंच होणे, मुनवा फुटणे ही सर्व या एकाच क्रियेची रूपे आहेत.

शाळेत ही क्रिया दाखविण्यास फारसा खर्च येत नाही. पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर कांदा असा ठेवावा की त्याचा फक्त बुडखा पाण्याला टेकेल. काही दिवसांत मुळे फुटतात. त्यांची टोके कापून, सौम्य आम्लात मऊ करून, ॲसिटोकार्मिनने रंगवून काचपट्टीवर दाबली की साध्या शालेय सूक्ष्मदर्शकातही निरनिराळ्या अवस्थांतील पेशी दिसू शकतात. मुळाच्या टोकापासून थोडे वर गेले की विभागणाऱ्या पेशी सापडत नाहीत. वनस्पतीची वाढ सर्वांगाने होत नसून ठरावीक जागीच नव्या पेशी तयार होतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर एरवी सहज ठसत नाही.

तिसऱ्या संचाची अडचण

सर्व पेशी याच पद्धतीने विभागल्या असत्या, तर नर व मादी पेशींच्या मीलनानंतर दर पिढीत गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली असती. तसे होत नाही, कारण परागकण, बीजांड, शुक्रपेशी व अंडपेशी तयार होताना निराळे, अर्धसूत्री विभाजन घडते. यात आईकडून व बापाकडून आलेली सारखी गुणसूत्रे प्रथम जोड्या लावतात, आपापसांत काही तुकड्यांची अदलाबदल करतात, आणि मग जोडीतील एक एका बाजूस व दुसरे दुसऱ्या बाजूस जाते. परिणामी संख्या निम्मी होते. कोणत्या जोडीतील कोणते गुणसूत्र कोणीकडे जावे, याला नियम नाही. माणसाच्या २३ जोड्यांपासून केवळ अशा वाटणीने ८३,८८,६०८ प्रकारचे निरनिराळे संच निघू शकतात. तुकड्यांची अदलाबदल धरली तर मोजदादच खुंटते. एकाच आईबापांची मुले एकमेकांहून वेगळी का असतात, आणि हापूसची कोय हापूसच का देत नाही, याचे उत्तर येथे आहे.

आता केळीकडे वळू. रानटी केळीच्या पेशीत ११ गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे २२ गुणसूत्रे असतात. तिच्या फळात गर थोडा व काळ्या टणक बियाच फार असतात. आपण खातो त्या बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन इत्यादी वाणांत मात्र असे तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे आढळतात. मुळाच्या किंवा कोंबाच्या वाढीत याने काहीच बिघडत नाही. प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत काढून ती वाटून द्यावयाची असल्यामुळे सूत्री विभाजनाला २२ काय आणि ३३ काय, सारखेच. अडचण येते ती अर्धसूत्री विभाजनात. तेथे जोड्या लावावयाच्या असतात आणि प्रत्येक जोडीमागे एक गुणसूत्र एकटे उरते. ते कोणत्याही बाजूस जाऊ शकते. अकराही एकटी गुणसूत्रे एकाच बाजूस जाऊन पूर्ण संच जुळण्याची शक्यता नुसत्या गणिताने १,०२४ विभाजनांत दोन्ही टोके मिळून एकदा इतकी येते. उरलेल्या बहुतेक बीजपेशी अपुऱ्या किंवा विषम संचांच्या, म्हणून निरुपयोगी ठरतात. पिकलेले केळे मधोमध कापल्यावर दिसणारे बारीक काळे ठिपके म्हणजे न वाढलेल्या बीजांडांचे अवशेष होत. परागीभवनाशिवायच फळ भरण्याचा गुण या वाणांत असल्यामुळे बी नसले तरी गर तयार होतो.

सह्याद्रीच्या कडेकपारींत पावसाळ्यात डोके वर काढणारी रानकेळ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ती लागवडीच्या केळीची आप्त असली तरी निराळ्या प्रजातीतील असून तिला मुनवे फुटत नाहीत. एकदा घड टाकून ती मरते व तिची पुढची पिढी सर्वस्वी बियांवर अवलंबून असते. एकीला केवळ बी आणि दुसरीला केवळ मुनवा, असा हा प्रकार आहे.

न्यू गिनी व आग्नेय आशियातील शेतकऱ्यांनी काही हजार वर्षांपूर्वीपासून बिनबियांची अशी झाडे निवडली, मुनव्यांनी वाढविली आणि जगभर नेली. बसराई आणि ग्रँड नैन यांच्यात जो उंचीचा व घडाचा फरक दिसतो, तो बियांपासून आलेला नाही. मुनव्यांतून वाढताना विभाजनाच्या वेळी कधीकाळी झालेला एखादा बदल कोणाच्या तरी नजरेस आला, त्याने ते झाड जपले, एवढाच त्याचा इतिहास. केळीच्या एका संचातील डी.एन.ए.चा आराखडा २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ५२ कोटी अक्षरे आहेत. इतका मजकूर उतरवून काढताना पेशीकडून अब्जात एखादीच चूक राहते. चोख नक्कल हेच केळीच्या बाजारमूल्याचे कारण आहे, आणि तिच्या दुबळेपणाचेही.

बाटलीतील रोपे

एका झाडापासून वर्षभरात लागवडीयोग्य मुनवे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळतात. ऊतिसंवर्धनाने ही मर्यादा ओलांडली. वनस्पतीच्या एकेका पेशीत संपूर्ण वनस्पती घडविण्याची क्षमता असावी, हा विचार ऑस्ट्रियातील हाबरलांट याने १९०२ साली मांडला होता. परंतु पेशी विभागत ठेवणारी द्रव्ये हाती आल्यावाचून तो प्रत्यक्षात येणे शक्य नव्हते. कायनेटिन हे असे द्रव्य १९५५ साली अमेरिकेत स्कूग व मिलर यांच्या प्रयोगशाळेत सापडले. पोषणमाध्यमाचे आजही सर्वत्र वापरात असलेले सूत्र मुराशिगे व स्कूग यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी, अनेक वर्षांनंतर एकदाच फुलणारा बांबू बाटलीत फुलविला व ते काम १९९० साली जगापुढे आले.

केळीसाठी निरोगी, भरघोस घडाच्या झाडाचा मुनवा निवडतात. वरची आवरणे एकेक काढून आतला वाढीचा कोंब निर्जंतुक करतात व साखर, क्षार आणि संप्रेरके असलेल्या माध्यमावर ठेवतात. तेथे एका कोंबाचे अनेक कोंब होतात. दर तीन-चार आठवड्यांनी ते वेगळे करून नव्या बाटल्यांत घालतात. प्रत्येक फेरीत तीनपट वाढ धरली तरी आठ फेऱ्यांत एका कोंबापासून ६,५६१ रोपे होतात. एकाच वेळी लावलेली व एकाच वेळी काढणीस येणारी बाग शक्य झाली ती यामुळे.

परंतु नक्कल करणारे यंत्र मूळ कागदावरील डागाचीही नक्कल करते. मातृवृक्षात पर्णगुच्छ रोगाचा किंवा काकडी मोझॅकचा, म्हणजे आपल्याकडील हरण्याचा विषाणू लपून असेल, तर त्याच्यासकट हजारो रोपे बाहेर पडतात आणि कोवळेपणी ती ओळखूही येत नाहीत. फेऱ्या फार वाढविल्या तर विभाजनातील चुका साठून विचित्र पानांची, घड न धरणारी झाडे निघतात. मातृवृक्षाची विषाणूसाठी चाचणी व रोपांची एकरूपता तपासण्यासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ सालापासून ऊतिसंवर्धित रोपांची राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धती सुरू केली. रोपे खरेदी करताना प्रमाणपत्र मागणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट लागवडीच्या हंगामापूर्वी सांगितली तरच तिचा उपयोग, कारण रोप एकदा जमिनीत गेल्यावर प्रमाणपत्राची चौकशी व्यर्थ असते.

सारखेपणाची किंमत

निरोगी रोप म्हणजे रोगप्रतिकारक रोप नव्हे, हा भेद पुष्कळदा विसरला जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाचा केळी व्यापार ग्रोस मिशेल या एका वाणावर चालत असे. मुळांतून शिरून पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करणाऱ्या फ्युजेरियम बुरशीने, म्हणजे पनामा मर रोगाने, मध्य अमेरिकेतील त्या बागा उजाड केल्या. सर्व झाडे एकाच झाडाच्या प्रती असल्यामुळे एकाला जो रोग लागे तो सर्वांना लागे. १९६० च्या सुमारास व्यापाराने त्या बुरशीला दाद न देणाऱ्या कॅव्हेंडिश गटाचा आश्रय घेतला. बसराई, श्रीमंती व ग्रँड नैन ही याच गटातील होत. पुढे तैवानमध्ये याच बुरशीचा दुसरा प्रकार आढळला, तो कॅव्हेंडिशलाही मारतो. ‘टी. आर. ४’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार २०१३ साली मोझांबिकमध्ये व २०१९ साली कोलंबियात आढळल्याचे जाहीर झाले. भारतात बिहारच्या कटिहार भागात व उत्तर प्रदेशातील अयोध्या जिल्ह्यात त्याने बागांचे नुकसान केले आहे. ही बुरशी जमिनीत अनेक वर्षे तग धरते, आणि रोगट जमिनीतून तिचा नायनाट करणारे भरवशाचे औषध नाही. मुनवे, अवजारांना व वाहनांच्या चाकांना चिकटलेली माती आणि पाटाचे पाणी यांतून ती पसरते. जुनी पाने कडांकडून पिवळी पडून खोडाभोवती लोंबू लागली आणि खोड कापल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या, तर ते झाड उपटून बांधावर टाकण्यापूर्वी कृषी खात्यास कळविणे आवश्यक आहे. परप्रांतातील बागेचे मुनवे स्वस्त मिळाले म्हणून आणणे हा तर निव्वळ जुगार होय.

प्रतिकारक वाण हवा तर वेगळेपण हवे, आणि वेगळेपण देणारे अर्धसूत्री विभाजन तर या केळीत अडलेले. शास्त्रज्ञांनी यावर निरनिराळे मार्ग शोधले आहेत. तैवानच्या केळी संशोधन संस्थेने ऊतिसंवर्धनात होणाऱ्या चुकांचाच उपयोग करून घेतला. रोगट जमिनीत हजारो रोपे लावून त्यांतून तगलेली निवडली व ‘फॉर्मोसाना’सारखे वाण दिले. ऑस्ट्रेलियात रानटी केळीतील एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घालून केलेल्या वाणास २०२४ च्या फेब्रुवारीत मान्यता मिळाली. तिरुचिरापल्ली येथे १९९३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात रानटी व देशी वाणांचा संग्रह राखला जातो. बिया धरू शकणाऱ्या दोन संचांच्या झाडांशी संकर करण्याचे काम अशा संग्रहावाचून सुरूच होऊ शकत नाही.

आपल्या राज्यातही कॅव्हेंडिशखेरीज इतर केळी आहेत. वसईची राजेळी, तिच्यापासून होणारी सुकेळी, कोकणातील परसांतून दिसणारी वेलची हे निराळ्या वंशाचे वाण होत. त्यांच्या पेशींत कॅव्हेंडिशमध्ये नसलेला, दुसऱ्या एका रानटी जातीकडून आलेला संच आहे. उत्पन्नात ते ग्रँड नैनच्या जवळपासही येत नाहीत, त्यामुळे व्यापारी लागवडीत त्यांना स्थान मिळणे कठीण आहे. मुनव्यावर जगणाऱ्या पिकाचे बी साठवून ठेवता येत नाही, म्हणून परसातील शेवटचे बेट काढून टाकले की तो वाण त्या गावापुरता संपतो.