जुन्या बाजारपेठेचा कायापालट आणि ज्येष्ठांचा सल्ला

पुण्याची महात्मा फुले मंडई 1886 साली सुरू झाली. मंडई, तुळशीबाग व लक्ष्मी रस्ता हा परिसर पिढ्यान्‌पिढ्या शहराची मध्यवर्ती बाजारपेठ राहिला आहे. 11 डिसेंबर 2021 रोजी महानगरपालिकेने लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. सप्टेंबर 2024 मध्ये मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक खुले झाले. मध्यवस्तीचे रूप असे पालटत असताना तेथील वृद्ध रहिवाशांचे म्हणणे कोणी व केव्हा ऐकावे, हा प्रश्न अगत्याचा ठरतो.

अनुभवाचे मोल

2011 च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील वयाचे सुमारे 10 कोटी 38 लाख नागरिक होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली वयस्नेही शहरांविषयीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, ती 33 शहरांतील ज्येष्ठांशी विचारविनिमय करूनच. त्यांत दिल्ली व उदयपूर यांचाही समावेश होता. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या कोणत्या गल्लीत पाणी कुठवर चढले, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांची साक्ष नकाशाला पूरक ठरते.

पाच सेकंदांचा हिशेब

एक साधे उदाहरण घेऊ. रस्ता 12 मीटर रुंद आहे. सेकंदाला 1.2 मीटर चालणारा तरुण तो 10 सेकंदांत ओलांडतो. सेकंदाला 0.8 मीटर चालणाऱ्या आजींना 15 सेकंद लागतात. सिग्नल 10 सेकंदांचाच असेल, तर त्या पलीकडच्या कडेपासून 4 मीटर अलीकडे वाहनांच्या गर्दीत सापडतात. असा प्रसंग दोनदा आला, की त्या बाजाराला जाणेच सोडतात. त्यांचे बाहेरचे जग घरापुरते आकसते आणि दुकानदारही एक जुने गिऱ्हाईक गमावतो.

दुसरी बाजू

तथापि, ज्येष्ठांची प्रत्येक मागणी एकाच दिशेची असते असे नाही. रस्ता वाहनमुक्त झाला, तर चालणे निर्धोक होते. परंतु रिक्षा दूर थांबल्याने गुडघेदुखीने त्रस्त व्यक्तीला अधिक चालावे लागते. म्हणून बंदीच्या हद्दीवर रिक्षाथांबा, वाटेत सावलीतील बाके, सपाट पदपथ व स्वच्छ प्रसाधनगृह यांची सोय बंदीबरोबरच झाली पाहिजे. फेरीवाल्यांना सरसकट हटविणेही हिताचे नव्हे. कोपऱ्यावरची भाजीवाली अनेक वृद्धांचा आधार असते.

सल्ला केव्हा द्यावा?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 अन्वये विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना विहित मुदतीत हरकती व सूचना देता येतात. ही मुदत टळली, की उत्तम सूचनाही कागदावरच राहते. याकरिता प्रभागातील ज्येष्ठ नागरिक संघाने पाच-सात जणांचा सल्लागार गट आधीच नेमावा. या गटाने सकाळी व सायंकाळी बाजारातून स्वतः फेरी मारावी; पायरी, खड्डा, अंधारी जागा यांची ठिकाणवार नोंद करावी; व्यापारी व फेरीवाले यांच्याशी बोलावे आणि मोजक्या लेखी सूचना देऊन त्यांची पोच घ्यावी.

निर्णय अर्थातच नगररचनाकार व लोकप्रतिनिधी यांनी घ्यावयाचा. पण आज ज्या पदपथाची पायरी थोडी उतरती केली जाईल, त्याच पदपथावरून उद्या आपणही काठी टेकीत जाणार आहोत, याचे भान सर्वांनीच ठेवावयास हवे.