बटु दीर्घिकांच्या नादी लागून

रत्नागिरीत आकाशदर्शनाचे कार्यक्रम करता करता बटु दीर्घिकांचा, म्हणजे चिमुकल्या दीर्घिकांचा नाद लागला. नव्याने या छंदात पडणाऱ्यांसाठी सहा गोष्टी.

१. पावसाळा सरल्याशिवाय दुर्बीण माळ्यावरून काढू नये. नोव्हेंबर-डिसेंबरात अमावास्या गाठून आरे-वारेला जावं आणि समुद्राकडे पाठ करून बसावं. मासेमारी नौकांच्या दिव्यांनी अंधाराला सरावलेले डोळे दिपतात.

२. देवयानी दीर्घिका दाखवून थांबू नये. सहा इंची दुर्बिणीत तिच्या कडेला एक पुसट तारा दिसतो. फोकस कितीही फिरवा, त्याचा टोकदार ठिपका होत नाही. कारण तो तारा नाहीच. ती एम ३२, देवयानीभोवती फिरणारी बटु दीर्घिका. रांगेतली माणसं म्हणतात, "सर, एवढंच?" म्हणू द्यावं.

३. मॅजेलनचा मोठा मेघ (हीही बटु दीर्घिकाच) इथून दाखवायचं वचन कुणाला देऊ नये. तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम तीन अंश चढतो, आणि तिथे आपली खारी धुरकट हवा.

४. मोठ्या दीर्घिका धाकट्यांना गिळून वाढतात. १९९४ मध्ये सापडलेल्या धनू बटु दीर्घिकेला आपली आकाशगंगा आजही ओरबाडते आहे; तिच्या ताऱ्यांच्या माळा आकाशभर पसरल्यात. म्हणून वाचलेल्या बटु दीर्घिका मोलाच्या. त्यांचं गुरुत्व तोकडं, त्यामुळे ताऱ्यांचे स्फोट झाले की वायू बाहेर उधळला जातो. नवे तारे अडखळत जन्मतात, जड मूलद्रव्यं फारशी साठत नाहीत. विश्वाच्या बाल्यातला वायू कसा असेल, याचा अंदाज तिथे लागतो.

५. संगणकावरच्या गणिताप्रमाणे आकाशगंगेभोवती शेकडो बटु दीर्घिका हव्या होत्या, सापडल्या साठेक. आद्य ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने वायू तापला आणि बऱ्याच ठिकाणी तारे पेटलेच नाहीत, हे उत्तर मला पटतं. अंधुक दीर्घिका अजूनही सापडताहेत, हेही आहेच.

६. उजेडावरून वजन ठरवू नये. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरी टिपून जयराम चेंगलूर, आयेशा बेगम आणि सहकाऱ्यांनी अंधुक बटु दीर्घिकांची पाहणी केली. एनजीसी ३७४१ मध्ये ताऱ्यांचा उजेड इवलासा, पण वायूची चकती त्याच्या आठपट दूर पसरलेली! शिवाय कडेलाही वायूचा वेग उतरत नाही. म्हणजे तिला धरून ठेवणारं बहुतेक वस्तुमान न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचं. २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, खोडदला प्रदर्शन भरतं. घाट चढून जायचं तर आदल्या दिवशी निघावं.