दिवाळीत गेट वेला उतरताना

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या धाराशिव जिल्ह्यातून कोकणात जाणाऱ्यांची आता रीघ लागते. अलिबाग, काशीद, मुरुड-जंजिरा फिरायचं, परतताना मांडव्याहून लाँचने मुंबईत उतरायचं आणि रात्रीची लातूर एक्स्प्रेस धरायची, हा बेत कळंबपासून उमरग्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. बेत चांगलाच आहे. मांडव्याहून तासाभरात गेट वे येतं, अलिबाग ते मांडवा बसचं भाडं बहुतेक लाँचच्या तिकिटातच असतं. आणि समुद्रातून मुंबई जशी दिसते तशी रेल्वेच्या खिडकीतून कधीच दिसत नाही. आधी उंच इमारतींची धूसर रांग, मग ताजचा घुमट, मग 1924 पासून उभी असलेली ती पिवळसर दगडाची कमान. आपल्या माणसांनी हे एकदा तरी पाहावं. फक्त उतरायची वेळ निवडून घ्या. आमच्या मावशीचं मनगट तिथे मोडलं, म्हणून सांगतो.

पाडव्याची संध्याकाळ होती. ओहोटी तळाला गेलेली. एरवी पाण्याखाली राहणाऱ्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, हिरव्यागार, बुळबुळीत. धक्क्याला आधीच एक लाँच लागलेली, म्हणून आमची तिच्या बाहेरच्या अंगाला लावली. म्हणजे या लाँचवरून त्या लाँचवर पाय टाकायचा आणि तिथून पायरीवर. दोन्ही लाटेवर हलत होत्या, पण एक वर येई तेव्हा दुसरी खाली जाई. मागून रेटा, पुढे घाई. मावशीच्या अंगावर नऊवारी, एका हातात पिशवी. ती पायरीवर टेकली आणि टाच सरकली. सावरायला तिने मोकळा हात टेकला, त्याच हाताचं मनगट गेलं. गाडी चुकली, रात्र दवाखान्यात गेली.

नंतर अलिबागच्या एका कोळी गृहस्थांनी सांगितलं की हे सगळं घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहून आधी कळतं. तिथीला पाऊणने गुणायचं, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दुपारी तशीच पहाटेही. पंधरवडा शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, म्हणजे पाणी सर्वांत खाली जातं ते संध्याकाळी सहाच्या सुमाराला. त्यातून हे दिवस उधाणाचे. उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. लक्ष्मीपूजन अमावास्येला, पाडवा लगेच दुसऱ्या दिवशी, आणि आपण सगळे फिरून दमून नेमके संध्याकाळी धक्क्यावर. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा चढउतार बेताचा असतो. तिथीचा हिशेब मिनिटाचा नाही, पण बेत आखायला पुरेसा आहे.

तेव्हा दिवाळीत म्हातारी माणसं बरोबर असतील तर दुपारी बाराच्या आसपास मुंबईत उतरा. गाडी रात्री आहे म्हणून अडून बसू नका; सीएसएमटीला क्लोकरूम आहे, फक्त बॅगांना कुलूप हवं. उतरताना दोन्ही हात मोकळे ठेवा, पिशवी पाठीवर घ्या. लेकराला कडेवर घेऊन पाय टाकू नका, आधी पलीकडच्या माणसाकडे द्या. खलाशाच्या हातात बोटं देऊ नका. त्याला तुमचं मनगट धरू द्या, तुम्ही त्याचं धरा. लाँच वर आली की पाय टाका. मागचे ओरडले तर ओरडू द्या.

लाइफ जॅकेट बसल्याबरोबर अंगावर चढवा आणि पट्टे आवळा. 18 डिसेंबर 2024 रोजी गेट वेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. बोटीवर शंभराहून जास्त माणसं होती; दोन्ही बोटींवरची मिळून 15 माणसं त्या अपघातात गेली. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकलेली पोरं असतात आणि त्यांना वाटतं, आपल्याला जॅकेटची गरज नाही. खुल्या समुद्रात, अंगावर कपडे आणि पायात बूट असताना ते पोहणं उपयोगी पडत नाही, हे त्यांना घरूनच बजावून आणा. लाँच खच्चून भरलेली दिसली तर पुढची धरा.

पावसाळ्यात गेट वेच्या लाँच बंद असतात, आणि ते योग्यच आहे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. लाँचला आता पर्यायही आहे: मार्च 2020 पासून मांडवा ते भाऊचा धक्का अशी रो-रो सुरू आहे. मोठं जहाज, गाड्याही त्यातच चढतात, आणि उतरायला रुंद रॅम्प. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर मी हीच सुचवीन. भाऊचा धक्का माझगावात आहे, तिथून सीएसएमटीला टॅक्सी करा. संध्याकाळी रस्ता तुंबतो, म्हणून गाडीच्या आधी चांगले दोन तास हातात ठेवा.