उतरताना वाचायचा डोंगर

सातारा,
२ जून

चि. मुक्ता हिस


क्योतोला जाऊन फुशिमी इनारीचा डोंगर चढणार म्हणतेस, त्याचा आनंद वाटला. कुठली लेन्स नेऊ, सेटिंग काय ठेवू, असं विचारलंस आणि नमुना म्हणून एक फोटोही पाठवलास. शेंदरी कमानींचा लांबच लांब बोगदा, आत चिटपाखरू नाही. ‘मामा, मला अगदी असाच हवाय!’

तो मिळवणं अवघड नाही. देवस्थान चोवीस तास उघडं असतं, प्रवेशाला पैसे पडत नाहीत. पहिल्या लोकलनं जा, पुढची गर्दी वळणाआड होईपर्यंत थांब आणि बटण दाब. पण तो फोटो जगात प्रत्येकाकडे आहे. शिवाय मला विचारशील तर तो थोडा खोटाही आहे, कारण तो डोंगर रिकामा कधीच नव्हता. माणसांनीच तो उभा केलाय.

त्या कमानींना तोरी म्हणतात हे तुला ठाऊक आहे. डोंगरभर मिळून त्या दहा हजारांच्या आसपास आहेत, आणि त्यातली जवळपास प्रत्येक कमान कुणीतरी वाहिलेली आहे. धंद्यात बरकत येऊ दे म्हणून, किंवा आली म्हणून. इनारी हा मुळात भाताचा देव. पुढे व्यापारउदीमही त्याच्याकडे आला. कमानी वाहण्याची प्रथा एदो काळात रुजली. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर ‘अमक्याच्या स्मरणार्थ’ म्हणून नावं कोरलेली असतात ना, तसाच हा प्रकार, फक्त उभा आणि माणसापेक्षा उंच. देणाऱ्याचं नाव आणि तारीख काळ्या अक्षरांत खांबावर असते, पण मागच्या बाजूला. चढताना दिसतो तो नुसता रंग. अक्षरं दिसतात ती उतरताना. म्हणून माझा सल्ला असा, की चढताना कॅमेरा शक्यतो पिशवीत ठेव आणि खरं काम परतीच्या वाटेवर कर. तुला जपानी वाचता येतं. तिथं येणाऱ्या बहुतेक परदेशी फोटोग्राफरांना येत नाही. त्यांना ती अक्षरं नक्षी वाटतात. तुला दुकानं, कारखाने, माणसं दिसतील. हा फायदा वाया घालवू नकोस.

क्योतो स्टेशनवरून जेआरच्या नारा लाइननं दुसरंच स्टेशन इनारी. फक्त मियाकोजी रॅपिडमध्ये बसू नकोस, ती तिथं थांबत नाही. स्टेशनातून बाहेर पडलीस की समोर तोरी. तिच्यापाशी थांबून किंचित वाक आणि कडेकडेनं आत जा. मधली वाट देवाची मानतात. पुढे मोठा दरवाजा लागेल, तो १५८९ साली तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानं बांधून दिलेला. मागचं मुख्य देऊळ ओनिनच्या युद्धात १४६८ साली जळलं आणि १४९९ मध्ये पुन्हा उभं राहिलं. देवस्थानाची परंपरा मात्र ७११ पासूनची. हाता घराण्यातल्या एकानं मोचीला, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्याला, निशाणा करून बाण मारला, मोचीचा पांढरा पक्षी झाला, तो या डोंगरावर जाऊन बसला आणि तिथं भात उगवलं, अशी कथा आहे. हात धू, दोनदा वाक, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाक. तेवढं झाल्याशिवाय कॅमेरा काढू नकोस. कुणी डोळे मिटून उभं असेल तर समोरून फोटो काढायचा नाही, आणि मनाईची पाटी असेल तिथं वाद घालायचा नाही.

वाटेत जागोजाग दगडी कोल्हे भेटतील, गळ्यात लाल फडकी बांधलेले. ते देव नव्हेत, देवाचे निरोपे. कुणाच्या तोंडात किल्ली, ती धान्याच्या कोठाराची. कुणाच्या तोंडात भाताची लोंबी, रत्न किंवा गुंडाळी. (आपली डाकिनी बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेली, कोल्ह्यावर बसली आणि इनारीशी एकजीव झाली. १८६८ नंतर सरकारनं शिंतो आणि बौद्ध यांची जबरदस्तीनं वाटणी केली, तरी आइची प्रांतातल्या तोयोकावाच्या बौद्ध मठात ती अजून पुजली जाते. कधी सवड झाली तर तिकडेही जा.) कोल्ह्यांचे फोटो त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून घे. वरून घेतलेस तर ते खेळणी दिसतात.

आता रंगाचं. इथं भले भले फसतात. बोगद्यात चहूबाजूंनी शेंदरी उजेड असतो, आणि कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर असला की तो त्या रंगालाच दोष समजून पुसायला बघतो. डेलाइटवर ठेव, रॉमध्ये काढ. दुसरं, हिस्टोग्राम नुसता पांढरा पाहू नकोस, तिन्ही रंगांचा वेगळा पाहा. एकूण उजेड बरोबर दिसत असतो आणि लाल मात्र काठोकाठ भरून सांडलेला असतो. मग लाकडाच्या रेषा, रंगाचे पोपडे, उन्हानं फिकटलेली बाजू, सगळं जाऊन सपाट लाल पत्रा उरतो. अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेव. झाडी काळवंडेल, ती नंतर उचलता येते. सांडलेला लाल परत येत नाही. माणसांचे चेहरे बोगद्यात भाजल्यासारखे दिसतात, म्हणून दोन कमानींत जिथं फट आहे तिथं त्यांना येऊ दे.

लेन्स दोनच ने. पस्तीस, आणि पंच्याऐंशी किंवा त्याहून लांबची. लांब लेन्सनं कमानी एकीवर एक दाटून येतात, नावांच्या ओळी जवळ सरकतात. ट्रायपॉड घरी ठेव. वाट चिंचोळी आहे आणि ती चालणाऱ्यांची आहे.

पाऊस आला तर परतू नकोस. जूनमध्ये तो येणारच. ढगाळ उजेडात सावल्यांचे पट्टे जातात आणि ओल्या पायऱ्यांवर शेंदरी रंग उतरतो. छत्री घे, आणि बूट घसरत नाहीत ना ते बघ.

‘सेन्बोन तोरी’ या दाट जोडबोगद्यानंतर एक छोटं देवस्थान येतं. तिथं कोल्ह्याच्या तोंडाच्या आकाराच्या लाकडी पाट्या टांगलेल्या असतात. लोक त्यावर स्वतः नाकडोळे काढतात आणि आपली इच्छा लिहितात. चेहऱ्यांचे फोटो जरूर काढ, लिहिलेला मजकूर वाचता येईल असा काढू नकोस. तुला वाचता येतो म्हणून तर जास्तच जप.

पुष्कळ लोक इथूनच माघारी फिरतात. तू वर जा. पूर्ण फेरी चारेक किलोमीटरची, फोटो काढत गेलीस तर तीन तास धर. योत्सुत्सुजीच्या चौकात पोचलीस की क्योतो शहर उघडं दिसेल. तिथं बसून पाणी पी. सगळे तिथून शहराचा फोटो काढतात, तूही एक काढ आणि विसरून जा. माथा इचिनोमिने, उंची २३३ मीटर. तिथून काहीच दिसत नाही, झाडी आहे. देखाव्यासाठी चढलेले तिथं तोंड पाडतात.

पण तुझे फोटो या वरच्या भागातच आहेत. इथं कमानी विरळ होतात आणि ओत्सुका सुरू होतात. भाविकांनी आपापल्या देवाचं नाव कोरून मांडलेले शिळांचे ठाव, हजारोंनी, एकमेकांना खेटून. त्यांच्यावर ओंजळीत मावतील अशा छोट्या तोऱ्यांच्या चळती. शेवाळ, मेणबत्त्या, मांजरं. चहा आणि मेणबत्त्या विकणारी दुकानं. एखादी म्हातारी नेमानं येऊन फुलं बदलत असेल. तिच्याशी आधी बोल, कॅमेरा नंतर. ती नको म्हणाली तर नको.

कमानींचे पायही बघ. काळा रंग दिलेला तो भाग जमिनीच्या ओलीनं सगळ्यात आधी कुजतो. कुठं नवी कमान शेजारणींपेक्षा भडक असेल, कुठं कमान काढून टाकल्यावर नुसते खड्डे उरले असतील, कुठं कामगार रंग देत असतील. आणखी काही वर्षांनी यातली बरीच नावं तिथं नसतील, नवी असतील. ते तुझ्या फोटोंत दिसलं तर मला आवडेल. अंधार पडायच्या आत खाली ये, वर रानडुकरं फिरतात. पायथ्याशी इनारी सुशी खा. तळलेल्या तोफूच्या पिशवीत भात भरलेला असतो, शाकाहारी पाहिजे तर रश्शात मासा आहे का ते विचारून घे.

आल्यावर निवडलेले दहा फोटो पाठव. त्यांतले निदान सहा उतरतानाचे असू देत, आणि प्रत्येकात जे नाव वाचता येतं ते खाली मराठीत लिही. रंग वाढवलेले पाठवू नकोस. तुझ्या आईला मात्र तो रिकाम्या बोगद्यातला तुझा फोटो लागेल, तोही एक काढून घे.

तुझा,
मामा